डी-डोपाक्रोम टॉटोमरेज: कुपी उघडण्यापासून पेशींवर घालेपर्यंत

डी-डोपाक्रोम टॉटोमरेज, म्हणजेच डीडीटी, हे ११८ अमिनो आम्लांचे छोटेसे मानवी प्रथिन आहे. १९९३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ते वेगळे काढले ते रंगद्रव्याच्या अभ्यासातून: डी-डोपाक्रोम या नारिंगी पदार्थाचे ते ५,६-डायहायड्रॉक्सीइंडोलमध्ये, म्हणजे मेलॅनिनच्या कच्च्या मालात, रूपांतर करते. २०११ मध्ये दाखवले गेले की हेच प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी७४ या ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि मिफ या सायटोकाइनसारखे, म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या प्रथिनासारखे, वागते. तेव्हापासून त्याला मिफ-२ असेही म्हणतात. विकत मिळणारे रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेले) प्रथिन बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूत बनवलेले असते.

कामाला लागण्यापूर्वी एक घोळ मिटवून टाका. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींत डोपाक्रोम टॉटोमरेज नावाचे दुसरे एन्झाइम असते. त्याला डीसीटी किंवा टीआरपी-२ म्हणतात. शरीरातल्या खऱ्या मेलॅनिनच्या वाटेवर एल-डोपाक्रोम असतो आणि तो हाताळण्याचे काम डीसीटीचे. आपले डीडीटी डी-रूपावर, म्हणजे त्याच्या आरशातल्या प्रतिमेवर, चालते, आणि डी-रूप शरीरात नैसर्गिकपणे तयार होत नाही. त्यामुळे त्वचेच्या रंगाचा प्रयोग डोक्यात ठेवून डीडीटी मागवले असेल तर मागणीच चुकली आहे. क्रियाशीलता मोजायला मात्र ही डी-डोपाक्रोमची अभिक्रिया फार सोयीची, कारण रंग उतरताना डोळ्यांनीही दिसतो. आणखी एक: फ्रीझरमधल्या नळीवर नुसते ‘डीडीटी’ लिहू नका. शेजारी डीटीटीच्या, म्हणजे डायथायोथ्रीटॉल या क्षपणकारक रसायनाच्या, नळ्या असतातच, आणि घाईत अक्षरे उलटीसुलटी वाचली जातात.

मागवण्याआधी पहिले अमिनो आम्ल तपासा

या प्रथिनाचा सगळा जीव पहिल्या प्रोलिनमध्ये आहे. सुरुवातीचे मिथिओनिन निघून गेल्यावर साखळीच्या अगदी टोकाला जे प्रोलिन मोकळे राहते तेच अभिक्रिया घडवते. ई. कोलायमध्ये ही छाटणी जिवाणूचे स्वतःचे एन्झाइम करते आणि पुढचे अमिनो आम्ल प्रोलिनसारखे छोटे असले की ती सहज होते. या प्रोलिनच्या पुढे काहीही चिकटलेले राहिले, अगदी एक अमिनो आम्ल जरी, तरी एन्झाइम म्हणून त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.

म्हणून माहितीपत्रकात शुद्धतेच्या आकड्याआधी टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा) कुठे आहे ते वाचा. हिस्टिडिन टॅग एन टोकाला, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला, असेल तर ते प्रथिन वेस्टर्न ब्लॉटला प्रमाण म्हणून किंवा प्रतिपिंड तपासायला चालेल, क्रियाशीलतेच्या चाचणीला नाही. ‘टॅग कापून टाकू’ हा विचारही इथे फसवा आहे. थ्रॉम्बिनने कापले तर ग्लायसिन, सेरिन वगैरे दोन-चार अवशेष मागे राहतात. फॅक्टर टेन-ए, एंटरोकायनेज आणि सुमो प्रोटिएज ही एरवी स्वच्छ कापणारी एन्झाइम कापण्याच्या जागेपुढे प्रोलिन आले की अडतात, आणि आपल्याला पुढे प्रोलिनच हवे आहे. त्यामुळे बिनटॅगचे प्रथिन सर्वांत उत्तम. ते नसेल तर सी टोकाला, म्हणजे साखळीच्या शेवटी, टॅग असलेले घ्या, पण सी टोकही सक्रिय जागेपासून फार लांब नाही, तेव्हा क्रियाशीलता स्वतः मोजल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका.

मिथिओनिन खरेच गेले की नाही हे वस्तुमानावरून कळते. मिथिओनिनसकट प्रथिनाचे वस्तुमान सुमारे १२.७ किलोडाल्टन भरते, गेल्यावर सुमारे १२.६. फरक १३१ डाल्टनचा. जेलवर तो दिसणार नाही, मास स्पेक्ट्रोमीटरवर लख्ख दिसतो. स्वतः प्रथिन बनवत असाल तर जास्त जोराने व्यक्त केलेल्या संवर्धनात थोडा माल मिथिओनिन न छाटलेला राहू शकतो. पुरवठादाराकडे हा आलेख मागा. देत नसतील तर ते प्रथिन एन्झाइम म्हणून विकत घेऊ नये असे आमचे मत.

कुपी उघडणे आणि विरघळवणे

गोठवून सुकवलेली पूड बहुतेकदा दिसतच नाही. नळीच्या भिंतीवर किंवा झाकणाच्या आत पातळ पापुद्रा असतो. बंद कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड कुपी उघडली की हवेतली वाफ आत जमते आणि पूड ओली होऊन गोळा होते. मग झाकण न उघडता सेंट्रीफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवून सगळे तळाला आणा.

माहितीपत्रकात वेगळे काही सांगितले नसेल तर निर्जंतुक, एंडोटॉक्सिनविरहित (जिवाणूंच्या भिंतीतल्या विषारी अंशाशिवायचे) पाणी किंवा फॉस्फेट बफर इतके घाला की तीव्रता ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होईल. ५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत २०० मायक्रोलिटर घातले तर ०.२५ मिळते. द्रव भिंतीवरून ओघळू द्या, नळी आडवी धरून हलकेच फिरवा आणि १०–१५ मिनिटे तशीच ठेवा. व्होर्टेक्स करू नका. फेस आला की हवेच्या पृष्ठभागावर प्रथिन उलगडते आणि पांढरट तंतू दिसू लागतात. ते पुन्हा विरघळत नाहीत.

तीव्रता स्वतः मोजायची असेल तर इथे एक खाचखळगा आहे. या प्रथिनात ट्रिप्टोफॅन एकच, टायरोसिन एकही नाही. त्यामुळे २८० नॅनोमीटरला ते फारच थोडा प्रकाश शोषते: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणाचे शोषण जेमतेम ०.४३ येते. ‘१ शोषण म्हणजे १ मिलिग्रॅम’ हा सरधोपट हिशेब लावला तर प्रथिन निम्म्याहून कमी असल्याचे वाटेल. उलट थोडाही डीएनए उरला असेल तर आकडा फुगेल. २६० नॅनोमीटरचे वाचन सोबत घ्या, आणि शक्य असेल तर बीसीए या रंगावर आधारित पद्धतीने ताळा करा. मात्र द्रावणात डीटीटी असेल तर बीसीएही बिघडते, तेव्हा ब्रॅडफर्डची रंगपद्धत वापरा.

साठवण अशी: १० किंवा २० मायक्रोलिटरचे भाग, प्रथिन कमी चिकटवणाऱ्या नळ्यांत, उणे ८० अंश सेल्सिअसला. एकदा वितळवलेला भाग त्याच दिवशी संपवा, पुन्हा गोठवू नका. ०.१ मिलिग्रॅमपेक्षा पातळ द्रावण साठवायचेच असेल तर ०.१ टक्का अल्ब्युमिन आधाराला घालण्याची पद्धत आहे, कारण इतक्या पातळ द्रावणातले प्रथिन प्लॅस्टिकला चिकटूनच गायब होते. पण साधे बोव्हाइन अल्ब्युमिन स्वतःच एंडोटॉक्सिन घेऊन येते. पेशींसाठी ठेवायच्या भागात ते घालू नका, किंवा कमी एंडोटॉक्सिनचे प्रमाणित अल्ब्युमिनच घ्या. सरळ मार्ग म्हणजे दाट साठा ठेवायचा आणि पातळ करणे प्रयोगाच्या दिवशी.

क्रियाशीलता मोजणे: नारिंगी रंगाची चाचणी

डी-डोपाक्रोम बाटलीत मिळत नाही, तो ताजा बनवावा लागतो. डी-डोपा या अमिनो आम्लाचे सोडियम पेरिआयोडेटने ऑक्सिडीकरण केले की तो तयार होतो. डोपाच्या एका रेणूला पेरिआयोडेटचे दोन रेणू लागतात, म्हणून तीव्रता दुप्पट.

आधी बफर करून ठेवा: २५ मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, ०.५ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारे रसायन), पीएच ६.०. ईडीटीए वगळू नका. तांबे-लोखंडाचे अंश एन्झाइमशिवायच डोपाक्रोमचे रूपांतर करतात आणि मग कोरी नळीसुद्धा ‘क्रियाशील’ दिसते. पीएच ६ ठेवण्याचे कारणही तेच: पीएच वाढला की डोपाक्रोम आपणहून वेगाने मोडतो.

मग दोन द्रावणे. ४ मिलिमोलर डी-डोपा म्हणजे १० मिलिलिटर बफरमध्ये ७.९ मिलिग्रॅम. ८ मिलिमोलर सोडियम पेरिआयोडेट म्हणजे १० मिलिलिटर पाण्यात १७.१ मिलिग्रॅम, तपकिरी किंवा फॉइल गुंडाळलेल्या नळीत. दोन्ही त्याच दिवशी बनवा. डोपाचे द्रावण करडे पडलेले दिसले तर टाकून द्या. या टप्प्यावर ट्रिस बफर वापरायचा नाही, ग्लिसरॉल असलेला बफरही नाही: पेरिआयोडेट या दोन्हींवर खर्च होते, डोपाच्या वाट्याला अपुरे पडते आणि रंग फिका येतो.

दोन्ही द्रावणे समसमान मिसळा. बिनरंगी द्रावण बघता बघता नारिंगी-लाल होते. खोलीच्या तापमानाला ५ मिनिटे थांबून नळी बर्फावर, अंधारात ठेवा. हा झाला २ मिलिमोलर डी-डोपाक्रोम. अर्ध्या तासात वापरून टाका. तासाभराने तोच द्रव मळकट होतो आणि तळाशी काळा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे मेलॅनिन, आणि असा द्रव चाचणीच्या कामाचा नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर ४७५ नॅनोमीटरला आणि २५ अंशांना लावा. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ८८० मायक्रोलिटर बफर आणि १०० मायक्रोलिटर डोपाक्रोम घाला. आता डोपाक्रोम ०.२ मिलिमोलर आहे. त्याचा मोलर शोषण गुणांक या तरंगलांबीला सुमारे ३,७०० असल्याने शोषण ०.७४ च्या आसपास यायला हवे. ०.५ आले तर पेरिआयोडेट जुने झाले आहे किंवा वजन चुकले आहे. वाचन जास्त आणि रंगात तपकिरी झाक असेल तर पेरिआयोडेट जास्त पडले आहे आणि पुढचा पदार्थही ऑक्सिडाइझ होऊ लागला आहे. दोन्ही वेळी पुढे जाऊ नका, नवे बनवा.

अर्धा मिनिट एन्झाइमशिवायचा उतार नोंदवा. मग २० मायक्रोलिटर एन्झाइम घाला, प्लॅस्टिकच्या दांडीने पटकन ढवळा आणि दर ५ सेकंदांनी वाचन घ्या. सुरुवातीला एन्झाइम ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेचे घ्या. म्हणजे क्युव्हेटमध्ये २ मायक्रोग्रॅम, एकक-साखळीच्या हिशेबाने सुमारे १६० नॅनोमोलर. त्याच्या निम्मे आणि दुप्पट घेऊनही मोजा. वेग त्याच प्रमाणात बदलला तरच चाचणी विश्वासाची. हे प्रथिन तीन साखळ्यांच्या गटात काम करते, त्यामुळे तीव्रता लिहिताना एकक की त्रिकूट हे नमूद करा, नाहीतर वाचणाऱ्याच्या हिशेबात तिप्पट फरक पडतो.

हिशेब पहिल्या १० टक्के घसरणीवरच करायचा, म्हणजे ०.७४ पासून ०.६७ पर्यंत. उदाहरणापुरते आकडे घेऊ: एन्झाइमसह घसरण मिनिटाला ०.०६०, एन्झाइमशिवाय ०.०१०. फरक ०.०५०. त्याला ३,७०० ने भागले की मिनिटाला १३.५ मायक्रोमोलर, १ मिलिलिटरमध्ये १३.५ नॅनोमोल. एन्झाइम २ मायक्रोग्रॅम होते, म्हणून विशिष्ट क्रियाशीलता मिनिटाला मिलिग्रॅममागे ६.८ मायक्रोमोल. ९६ खळग्यांच्या प्लेटवर हेच केले तर प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर नसतो हे विसरू नका. मार्गाची लांबी मोजून भागाकारात घ्या.

कोऱ्या नळीत बफर नाही, एन्झाइम ज्यात साठवले आहे तोच द्रव घाला. यावरच बहुतेक जण फसतात. पुष्कळ पुरवठादार प्रथिनासोबत १ मिलिमोलर डीटीटी घालतात. डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल, ग्लुटाथायोन, अ‍ॅस्कॉर्बेट हे सगळे डोपाक्रोमशी थेट अभिक्रिया करून रंग उतरवतात. एन्झाइम मेलेले असले तरी आलेख सुरेख खाली जातो. ओळखायचे कसे? डीटीटीमुळे उतरलेला रंग मिसळताक्षणी झटकन पडतो आणि मग स्थिर होतो, कारण डीटीटी संपते. एन्झाइमचा उतार सरळ रेषेत चालू राहतो. शंका आली तर प्रथिन छोट्या डिसॉल्टिंग स्तंभातून काढा किंवा डायलिसिस करा आणि पुन्हा मोजा. दुसरे नियंत्रण म्हणजे ९५ अंशांना उकळलेले तेच प्रथिन. तिसरे, एल-डोपापासून बनवलेला एल-डोपाक्रोम. त्यावर डीडीटी चालत नाही, तेव्हा तिथेही उतार दिसला तर तो एन्झाइमचा नव्हे.

मिफच्या चाचणीत एल-डोपाचे मिथाइल एस्टर सर्रास वापरतात, आणि तीच कृती इथे उचलण्याचा मोह होतो. डीडीटीची खासियत अशी की ते डोपाक्रोममधला कार्बन डायऑक्साइडही काढून टाकते. मिफ तो काढत नाही. एस्टरमध्ये मोकळा कार्बोक्सिल गटच नसतो, मग निघणार काय? म्हणून मोकळे आम्लच वापरा. काय तयार झाले हे पाहायचे असेल तर एचपीएलसीला (पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या तंत्राला) पर्याय नाही: डीडीटीकडून डायहायड्रॉक्सीइंडोल आणि मिफकडून त्याचेच कार्बोक्सिलिक आम्ल अशी वेगवेगळी शिखरे येतात.

डोपाक्रोमचा ताप नको असेल तर हायड्रॉक्सीफिनाइलपायरुव्हेटची चाचणी आहे. तो पदार्थ ५० मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये, पीएच ६.० ला, रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवायचा, म्हणजे तो कीटो रूपात स्थिरावतो. मग बोरेट असलेल्या बफरमध्ये, पीएच ६.२ ला, एन्झाइम घालून ३०६ नॅनोमीटरला शोषण वाढताना पाहायचे. बोरेट इनॉल रूपाला पकडून ठेवते, त्यामुळे वाढ दिसते. रात्रभर ठेवण्याची पायरी वगळली तर सुरुवातीलाच शोषण जास्त येते आणि आलेख डगमगतो. डीडीटी या पदार्थावर मिफपेक्षा सुमारे दहापट मंद चालते, तेव्हा एन्झाइम जास्त घालावे लागेल. मिफचे आकडे समोर ठेवून आपले प्रथिन खराब आहे असे ठरवू नका.

पेशींवर वापरताना

इथे प्रश्न वेगळा होतो. ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनाबरोबर त्या जिवाणूच्या भिंतीतले एंडोटॉक्सिन येतेच, आणि मॅक्रोफेज पेशी त्याच्या अगदी थोड्या अंशालाही उत्तर देतात. वाईट भाग असा की ते उत्तर आपण डीडीटीकडून अपेक्षिलेल्या उत्तरासारखेच असते: टीएनएफ हे दाहाचे सायटोकाइन वाढते, ईआरके या पेशींतल्या संदेशवाहक एन्झाइमवर फॉस्फेट लागते. त्यामुळे ‘ईआरके सक्रिय झाले’ एवढ्यावर काहीही सिद्ध होत नाही.

एंडोटॉक्सिन मायक्रोग्रॅममागे ०.१ एककापेक्षा कमी असलेला माल घ्या. १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरल्यास पेशींपाशी ०.०१ एकक पोचते, ते ठीक. १ मायक्रोग्रॅमला गेलात तर ०.१ एकक, आणि संवेदनशील पेशींसाठी ती चिंतेची हद्द आहे. विरघळवायला वापरलेले पाणी, नळ्या, अल्ब्युमिन यांचाही वाटा असतो, म्हणून एलएएल (एंडोटॉक्सिन मोजण्याची) चाचणी अंतिम, पातळ केलेल्या द्रावणावर करा, कुपीवरच्या आकड्यावर थांबू नका.

मात्रा ५०, १०० आणि २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी ठेवा. १०० नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ८ नॅनोमोलर साखळी, अर्थात २.७ नॅनोमोलरच्या आसपास त्रिकूट. पेशी आदल्या रात्री सीरमशिवाय किंवा अगदी कमी सीरममध्ये ठेवा: सीरममुळे ईआरके आधीच चढलेले असते, शिवाय सीरममध्ये मिफ आणि डीडीटी दोन्ही असू शकतात. ५, १०, ३० आणि ६० मिनिटांना नमुने घ्या. माध्यम बदलल्यानेही ईआरके हलते, म्हणून प्रथिन माध्यम न काढता थोड्याशा घनफळात घाला, आणि नियंत्रणाच्या पेशींनाही तेवढाच द्रव द्या.

नियंत्रणे किमान इतकी हवीत. पहिले, ९५ अंशांना अर्धा तास तापवलेले प्रथिन. डीडीटी उलगडते, एंडोटॉक्सिन टिकते, कारण ते नष्ट करायला कोरडी उष्णता २५० अंशांची लागते. तापवलेला नमुनाही तितकेच उत्तर देत असेल तर तुम्ही एंडोटॉक्सिन मोजत आहात. दुसरे, पॉलिमिक्सिन बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ते एंडोटॉक्सिनला बांधते, डीडीटीला धक्का लावत नाही. ही दोन नियंत्रणे एकमेकांचा ताळा आहेत, एकच करून भागत नाही. तिसरे, सीडी७४ रोखणारे प्रतिपिंड किंवा सीडी७४ नसलेल्या पेशी. शक्य असेल तर हेच सर्वांत पक्के.

अवरोधक वापरायचे झाल्यास नावे नीट पाहा. आयएसओ-१ हे मिफसाठीचे आहे, डीडीटीवर त्याचा फारसा परिणाम नाही. ४-आयपीपी दोन्हींना कायमचे चिकटते, त्यामुळे कोणामुळे काय झाले ते सांगता येत नाही. डीडीटीकडे कल असलेले अवरोधक म्हणजे ४-सीपीपीसी, पण त्याचाही निवडकपणा अमर्याद नाही. मात्रा वाढवली की मिफही अडते. हे सगळे डीएमएसओ या द्रावकात विरघळवावे लागतात, तेव्हा नियंत्रणातही तितकेच डीएमएसओ, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत.

क्रियाशीलता उत्तम आणि पेशींचे उत्तर शून्य असे झाले तर आधी पेशींवर सीडी७४ पृष्ठभागावर आहे का ते फ्लो सायटोमीटरने पाहा. बऱ्याच पेशींत ते आत असते, बाहेर थोडेच. उलट, क्रियाशीलता शून्य आणि पेशींचे उत्तर जोरदार असेल तर आनंद मानण्याआधी एंडोटॉक्सिन तपासा. तिसरा प्रकार म्हणजे नवीन कुपीने चालते आणि महिनाभराच्या साठ्याने चालत नाही. तेव्हा १५ टक्क्यांच्या जेलवर १२–१३ किलोडाल्टनचा पट्टा आहे ना ते बघा आणि जेल फिल्ट्रेशनवर शिखर ३८ किलोडाल्टनच्या जागी येते का ते तपासा. शिखर रिकाम्या घनफळात, म्हणजे सर्वांत मोठे कण बाहेर पडतात तिथे, सरकले असेल तर प्रथिन गोळा झाले आहे. तो साठा गाळून वापरण्यात अर्थ नाही, नवा भाग काढा.

माल बदलला की, म्हणजे नव्या बॅचची कुपी आली की, रंगाची चाचणी आणि एलएएल दोन्ही पुन्हा करा, आणि वहीत बॅच क्रमांकाशेजारी विशिष्ट क्रियाशीलता, सुरुवातीचे ४७५ चे शोषण आणि साठवणीच्या द्रवात डीटीटी होते की नव्हते हे लिहून ठेवा.